चेअरमनची शिंगं

धर्मराज कॉम्प्युटरपुढं बसला की शिरूर कासारकडच्या त्या दूध सोसायटीतला अकलेचा दुष्काळ संपतो, असं निदान धर्मराजचं तरी मत होतं! बाहेरचा दुष्काळ मात्र हटायचं नाव घेत नव्हता. म्हणून सोसायटीनं चारा छावणी उघडली आणि तिचा डेटाबेस धर्मराजच्या गळ्यात मारला.

"नाव, गाव, वय, शिंगं, दूध... दर तक्त्यात पुन्हा पुन्हा कोण मांडणार?" त्यानं चेअरमन विठ्ठलरावांना ऐकवलं. "म्या घरचाच एक डेटा टाइप, म्हंजे नोंदीचा साचा बनवलाय. नियम एकदाच ठरवायचे, मग पायजे तिथं तोच लावायचा!"

"लई भारी!" विठ्ठलराव म्हणाले. कळलं काहीच नव्हतं; पण चेअरमनला तशी सवय असते.

त्या टाइपात धर्मराजनं ठोकून दिलं होतं: शिंगं दोनच! तो त्यानं जनावरांना लावला आणि मेहनत वाचवायला संचालक मंडळालाही लावला. शिंगं भरल्याशिवाय मशीन संचालकांना आत घेईना. मग धर्मराजनं उदार मनानं सगळ्यांना दोन-दोन देऊन टाकली. कोण बघतंय!

छावणीच्या सरकारी तपासणीच्या दिवशी सकाळीच सुंदरबाई गाय घेऊन आली. गायीचं एक शिंग मोडलेलं. धर्मराजनं 'एक' टाकलं. मशीननं नोंद फेटाळली.

"मावशे, तुझी गाय नियमात बसत न्हाई."

"नियमात कावून बसंल? चारा खायला आलीय ती! दोन लिव की."

"खोटं लिवू? साहेब येणार हायेत आज!" धर्मराज बाणेदारपणे म्हणाला.

गाय भुकेनं हंबरत राहिली. तेवढ्यात तपासणीचे साहेब आलेच. पुढं विठ्ठलराव, गळ्यात सोसायटीच्या शिपायानं, नबीनं, धर्मराजच्याच डेटाबेसमधून नुकतंच छापून दिलेलं कोरं करकरीत ओळखपत्र. साहेबांनी ते हातात धरून मोठ्यानं वाचलं.

"विठ्ठलराव, चेअरमन. शिंगं दोन. रोजचं दूध शून्य."

छावणीत बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले!

"अगं माय!" सुंदरबाई पुढं झाली. "ह्यांची दोन लिवली, ती कुठं दिसत्यात? माझ्या गायीचं एक तरी दिसतंय!"

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. "आधी त्या गायीला चारा टाका."

धर्मराजनं घाम पुसत नियम बदलला: शिंगं शून्य ते दोन. मशीननं मुकाट्यानं गाय घेतली. सुंदरबाईनं पेंढी उचलली आणि मागं वळूनही पाहिलं नाही.

साहेब गेल्यावर विठ्ठलरावांनी धर्मराजला कोपऱ्यात ओढलं. आता नोकरी गेली! धर्मराजनं डोळे मिटले.

"शिंगांचं जाऊ दे बे," विठ्ठलराव कानात कुजबुजले. "पण दूध शून्य कावून टाकलंस? इलेक्शन तोंडावर आलंय. चार-पाच लिटर तरी दाखव!"