दुसऱ्यांची लग्नं पाहणारे सदाकाका

तुमच्या लग्नाची फिल्म आपणहून मागून बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. एरवी यजमानांनी लग्नाची फिल्म लावायचं नाव काढलं की पाहुण्यांना घरची राहिलेली कामं आठवतात. आमचे सदाकाका मात्र बूट काढता काढताच विचारतात, "लग्नाची सीडी कुठंय?"

आम्ही हॉलंडात नीउ-व्हेनेपला राहायला आलो, त्या पहिल्याच रविवारी हे गृहस्थ मागच्या गल्लीतून चकल्यांचा डबा घेऊन हजर. पन्नाशीच्या आतबाहेर वय, किडकिडीत अंगकाठी आणि कानटोपीतही न मावणारे कान. मला वाटलं, जुने रहिवासी आहेत, कचऱ्याचे वार सांगतील, चहा घेऊन जातील. त्यांनी आमची अडीच तासांची फिल्म अख्खी पाहिली. मी स्वतः ती एकदाच पाहिली होती, आणि तीही पळवत. अहेर देणाऱ्यांची रांग लागली तिथे मी रिमोट उचलला, तर हे ओरडलेच, "फॉरवर्ड करायचं नाही! माणसं आहेत त्यात!" मी रिमोट खाली ठेवला.

मध्येच ते पुढे सरकून म्हणाले, "ह्या मोरपिशी साडीतल्या बाई रुसल्यात. मानपानात काहीतरी राहिलंय."

ती माझी सख्खी मावशी. रुसलेली बिलकुल नव्हती. निदान अकरा वर्षं तरी आमची तशी समजूत होती. संध्याकाळी मी गंमत म्हणून आईला फोनवर सांगितलं. तर आई दबक्या आवाजात म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?" मी हादरले! हॉलंडात बसून हा माणूस आमच्या घरातली भांडणं उकरून काढत होता.

अशी त्यांची ख्याती. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या एका जोडप्याकडे त्यांनी पंगत बघता बघता सहज विचारलं, "हा निळ्या शर्टातला मुलगा वधूकडचा ना? काहीच जेवला नाही बिचारा." त्या घरात आठ दिवस अबोला होता म्हणतात. ड्रोननं काढलेलं शूटिंग मात्र त्यांना अजिबात खपत नाही. "लग्न आहे का पूरपाहणी? वरून नुसती टकलं दिसतात," असं म्हणून ते तेवढ्यात चकली खाऊन घेतात.

स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की एकच ठरलेलं उत्तर. "आमचं रजिस्टर. चार सह्या आणि एक पेढा. त्याची फिल्म कसली काढणार?" विजूकाकू शेजारी बसून हसायच्या. काकू गेल्याला आता तीन वर्षं झाली. काका त्यांना शेवटपर्यंत अहोजाहो करायचे. "अहो, तुमचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला," असं बायकोला आदरानं सांगणारा दुसरा नवरा माझ्या पाहण्यात नाही. आम्ही सगळ्या बायका त्यावरून आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायचो.

आता माझं थोडं सांगते, कारण पुढची सगळी भानगड माझ्या धंद्यामुळे झाली. नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट धरून मी या देशात आले. दोन वर्षं घरात बसून कंटाळले आणि मग लोकांच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम सुरू केलं. लग्नं, मुंजी, बारशी. कॅसेटला आलेली बुरशी मी कापसानं पुसते. वरच्या खोलीत माझा जुना व्हीसीआर असतो आणि माझ्या मुलाच्या मते तो वस्तुसंग्रहालयात असायला हवा.

यंदा इराचं, म्हणजे काकांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. मुलगा डच, यॉस्ट नावाचा, ताडमाड उंच आणि भलताच गुणी. लग्नाच्या दहा-अकरा दिवस आधी इरा माझ्याकडे आली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलताना त्यात इंग्रजी शिरतंच. तिनं पिशवीतून एक कॅसेट काढली.

"ताई, बाबाच्या झोल्डरवर मिळाली. आईच्या साड्यांच्या बॉक्समध्ये." झोल्डर म्हणजे इथला पोटमाळा. "काय लिहिलंय?"

इराला देवनागरी वाचता येत नाही. कॅसेटवर काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'विजयाचं लग्न, कराड.'

"आय न्यू इट!" ती टाळ्या पिटत म्हणाली. "बाबा खोटं बोलतो! फिल्म आहे! रिसेप्शनला मोठ्या स्क्रीनवर लावायची. तो सगळ्यांची लग्नं बघतो, आता सगळे त्याचं बघतील. पण ताई, टोटल सरप्राइज. त्याला काही सांगायचं नाही."

मलाही कल्पना झकास वाटली. तीन मिनिटांचे तुकडे काढावेत म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅसेट लावली. कार्यालयाच्या दारात सनई, तोरण, पेढ्यासारखी गोड लाजणारी काकू. बावीसची असेल नसेल. कशी खदाखदा हसत होती! मग मंगलाष्टकं झाली, अंतरपाट बाजूला झाला, आणि पलीकडे उभा होता एक उंच, मिशीवाला, हसरा, मला संपूर्ण अनोळखी माणूस. काकूनं त्याला हार घातला.

मी टेप मागे घेतली. पुन्हा पाहिलं. पुन्हा तोच माणूस!

काका कुठे होते? काका होते. तेच कान. तेविसेक वर्षांचा काटकुळा पोरगा, अंतरपाटाचं एक टोक हातात धरून उभा. कापड खाली येताच त्यानं ते घडी घालून बगलेत मारलं, पुढे होऊन नवरदेवाची वाकडी झालेली मुंडावळी सरळ केली आणि सगळ्यांहून जोरात टाळ्या वाजवल्या.

मी खाली येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दुसऱ्या कोणाची कॅसेट असेल." म्हटलं, काकू तर त्याच आहेत ना! तो म्हणाला, "मग आपण यात पडू नये." नवऱ्याचा हा सल्ला मी आजवर कधीच मानलेला नाही. पण या वेळी दोन दिवस खरोखर हिंमत झाली नाही. डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं: ऐंशी माणसं, मोठा पडदा, आणि काकूला हार घालणारा भलताच माणूस.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कॅसेट कापडी पिशवीत घालून काकांकडे गेले. ते फोन समोर धरून बसले होते. मी पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"फॉरवर्ड केलंस की पूर्ण पाहिलीस?"

"पूर्ण पाहिली, काका."

"मग बस," ते म्हणाले. "तो रमादादा. माझा मोठा भाऊ."

लग्नानंतर पाच महिन्यांनी घाटात मोटारसायकल घसरली आणि दादा जागच्या जागी गेला. वहिनीला दुसरा महिना होता. काकांच्या खिशात तेव्हा आइंडहोवनच्या नोकरीचं पत्र होतं. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं, आणि नातेवाईक मात्र बोलायला लागले होते.

"मी म्हटलं, वहिनी, हॉलंडला येता का? तिकडे थंडी फार आहे, पण कोणी कोणाला काही विचारत नाही." काका टेबलावरचा कागद उगीच सरळ करत होते. "रजिस्टर लग्न केलं. चार सह्या आणि एक पेढा, ते खोटं नव्हतं गं. इरा इथेच झाली. वहिनीचं अहो सुटलं नाही ते नाहीच."

आम्ही ज्यावरून नवऱ्यांना टोमणे मारले, ते हे होतं तर! आणि कराडला दोन दिवसांच्या वर न राहणं, इराला कुठल्याही आत्यामावशीजवळ एकटं न सोडणं, हे सगळं आम्ही काकांचा तऱ्हेवाईकपणा म्हणून हसण्यावारी नेलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"इराला सांगितलंच नाहीत?"

"अठराची झाली की सांगू, असं ठरलं होतं. मग म्हटलं परीक्षा होऊ दे. मग नोकरी लागू दे. मग हे माणूसच निघून गेलं." ते भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे न बघता म्हणाले. मग फोन माझ्यापुढे सरकवला. "हे बघ, गुरुजींनी काय पाठवलंय."

आमचे गुरुजी आठवडाभर एका कंपनीत कॉम्प्युटर चिपची यंत्रं बनवतात आणि शनिवार-रविवारी लग्नं लावतात. त्यामुळे त्यांचं सगळं ऑनलाइन फॉर्मवर चालतं. कन्यादानाच्या वेळी वधूच्या तीन पिढ्यांचा उच्चार करतात, म्हणून त्यांनी गोत्र, पणजोबा, आजोबा आणि वडील अशी नावं मागितली होती. गोत्र भरलेलं होतं. पणजोबा, आजोबा भरलेले होते. वडिलांचा रकाना मोकळा होता.

"दोन पिढ्या दादाच्या नि माझ्या एकच. एका ओळीचा प्रश्न आहे. चार वेळा माझं नाव लिहिलं आणि खोडलं. खेमेन्टेच्या सरकारी कागदावर मी बाप आहे, तिथे सही करताना हात कापला नाही. पण मांडवात अग्नीसमोर, देवाब्राह्मणांसमोर दादाची मुलगी स्वतःच्या नावावर कशी देऊ?"

"मग दादांचं लिहा. इराला सांगून टाका."

"आणि तिनं मला बाबा म्हणायचं सोडलं तर?" काका इतक्या लहान आवाजात म्हणाले की मला आधी नीट ऐकूच आलं नाही. "माझं दुसरं कोण आहे गं, अनघा?"

मी उठून चहा टाकला. चहा पिताना मी धीर करून विचारलं, की ही फिल्म घरात असताना तुम्ही लोकांची कशाला बघत फिरता? ते म्हणाले, "ही लावायचा धीर होत नाही. पण लग्नाची फिल्म कोणाचीही असो, त्यात सगळे जिवंत असतात. भाऊ भावाच्या मुंडावळ्या नीट करत असतो. बघायला बरं वाटतं."

त्याच रविवारी दुपारी त्यांनी इराला आमच्याकडे, व्हीसीआरच्या खोलीत बोलावलं. रिमोट धरायला मला बसवून घेतलं. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा इरा म्हणाली, "हू इज दॅट?" काकांनी सांगितलं. अगदी सरळ, एकेक वाक्य करून, जसं मला सांगितलं तसंच. इरा पडद्यावरून नजर न हटवता ऐकत होती. फिल्म संपली. तिनं कॅसेट मागून घेतली, जॅकेट चढवलं आणि सायकलवर बसून निघून गेली.

चार दिवस तिचा फोन नाही. लग्न शनिवारी! काका बुधवारी आमच्याकडे आले, आणि त्यांनी कोणाचीच फिल्म मागितली नाही, तेव्हा मात्र मी खरी घाबरले. "मी दादाचं नाव भरून टाकलं," ते म्हणाले. "निदान ते तरी बरोबर होऊ दे." गुरुवारी इराचा मेसेज आला, 'शनिवारी नऊला तयार राहा.' काकांनी तो मला तीनदा वाचायला लावला. त्यात बाबा हा शब्द नव्हता.

शनिवारी गावातल्या भाड्याच्या हॉलमध्ये मांडव उभा राहिला. शूटिंग माझ्याकडे होतं. काका सोवळं नेसून बसले. काकू नाहीत, म्हणून गुरुजींनी त्यांच्या नावानं एक सुपारी काकांच्या कमरेला खोचायला दिली होती. इरा काकूंच्याच पिवळ्या साडीत समोर येऊन बसली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

कन्यादानाला काकांच्या हातात पाण्याची झारी आली. गुरुजी फोनवर बघत खणखणीत आवाजात म्हणू लागले. पणजोबांचं नाव झालं. आजोबांचं झालं. काकांनी डोळे मिटले. गुरुजींनी रमाकांत म्हटलं, आणि न थांबता पुढे सदाशिव म्हटलं.

काकांनी डोळे उघडले. "गुरुजी, चुकलं. मी एकच नाव भरलं होतं."

"काल रात्री वधूनं फॉर्म बदलला," गुरुजी म्हणाले. "मी म्हटलं, शास्त्रात एकाचीच जागा आहे. ती म्हणाली, मला दोघांनी दिलंय सगळं, मग दोघंच देतील."

"मी टाइप केलंय, बाबा," इरा म्हणाली. रडून तिचा आवाज घोगरा झाला होता. "चूक नाहीये. आणि झारी सरळ धर, यॉस्टचे पाय भिजतायत."

खरंच झारी वाकडी झाली होती. यॉस्टचे पाय भिजले होते आणि तो बिचारा हासुद्धा विधीच असावा म्हणून गंभीरपणे बसला होता. काकांनी झारी सरळ केली. खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले. ते पुरेना म्हणून पुन्हा पुसले.

"गुरुजी," ते म्हणाले, "ते नावांचं तेवढं परत एकदा म्हणता?"

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि पणजोबांपासून पुन्हा सुरुवात केली.