पाच माणसांचा हिरवा दिवा

काकू सव्वाअकराला घरी परतल्या, त्या व्यायामाला न जाताच. पावणेअकरापासून त्या समोरच्या रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभ्या होत्या आणि पादचाऱ्यांचा हिरवा दिवा काही लागला नव्हता. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते. पलीकडच्या व्यायामवाल्या बाईंनी बजावून ठेवलं होतं, की रोज येऊन गुडघा वाकवला नाही तर तो कायमचा ताठ राहील. आणि हा सलग तिसरा दिवस बुडाला होता.

"तुम्ही त्या समितीवर आहात ना?" काकूंनी खुर्चीत बसता बसता काकांना विचारलं. "मग सांगा की तुमच्या त्या हुशार सिग्नलला, एक बाई उभी आहे म्हणून."

काका समितीवर होते हे खरं. बस कंपनीत तीस वर्षं वेळापत्रकं आखून ते निवृत्त झाले, आणि सरकारने गावभर हुशार सिग्नल बसवायचा कार्यक्रम काढला तेव्हा त्यावर देखरेख करणाऱ्या सल्लागार समितीत त्यांना घेतलं. समितीने सल्ला द्यायचा आणि सरकारने तो ऐकून घ्यायचा, एवढाच करार होता. पण काकांनी ओळखपत्र गळ्यात घालून घरात दोन दिवस फिरून घेतलं होतं.

पुढच्या बैठकीत काका तावातावाने उठले. त्या सिग्नलच्या खांबावर कॅमेरा आहे, दिवा लागत का नाही, असं त्यांनी विचारलं. सिग्नलवाला अभियंता अगदी शांतपणे म्हणाला, की कॅमेरा माणसं मोजतो, आणि पाच जमली की दिवा लागतो. एका माणसासाठी चाळीस गाड्या थांबवणं हुशारीचं नाही.

"हा नियम कुठल्या गाढवाने केला?"

"या समितीने. दुसऱ्या बैठकीत. आपली सही आहे."

काकांनी इतिवृत्त मागवलं. सही त्यांचीच होती. त्या दिवशी मंजुरीला आलेल्या आधीच्या इतिवृत्तात बैठक अकराला सुरू झाली असं लिहिलं होतं. ती अकरा वाजून चार मिनिटांनी सुरू झाली होती, आणि काका त्या चार मिनिटांवरून पाऊण तास भांडले होते. भांडण जिंकून घाम पुसत ते बसले, तोवर पाच माणसांचा नियम त्यांच्या शेजारून निघून गेला होता.

स्वतःला गाढव म्हणून घेतल्यावर माणूस जास्तच चिडतो. काकांनी लेखी सल्ला दिला, की एक माणूस आला तरी दिवा लागावा. अध्यक्षबाईंनी तो मोठ्या आदराने स्वीकारला आणि विचारलं, की एकटी माणसं तिथे थांबतात याला पुरावा काय. अभियंत्याने लगेच आकडे काढले. महिन्याभरात पाचापेक्षा कमी माणसं तिथे एकदाही थांबलेली नव्हती.

"माझी बायको रोज थांबते," काका म्हणाले.

"नोंद नाही."

"ती कॅमेऱ्यासमोर उभी असते हो!"

"असेल. पण पाचाखाली नोंद होत नाही. मेमरी भरते."

म्हणजे पाच जमल्याशिवाय माणूस दिसत नाही, आणि माणूस दिसत नाही म्हणून पाचच हवेत. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं त्यांनी एकेकट्या प्रवाशासाठी गाड्या सोडल्या होत्या, आणि इथे त्यांची लग्नाची बायको जमेस धरली जात नव्हती. पण समिती पुढच्या विषयावर गेली होती. तो विषय चहाच्या कपांचा आकार हा होता.

मग काकांनी स्वतःच माणसं जमवायचं ठरवलं. ते, काकू, खालचा शिंपी, पेपरवाला आणि तिसऱ्या मजल्यावरची नर्सबाई. रोज दहा पन्नासला सगळे खांबापाशी हजर, असं वेळापत्रक करून त्यांनी जिन्यात चिकटवलं. पाच डोकी जमली आणि दिवा मुकाट्याने हिरवा झाला. काकू पंधरा दिवस व्यायामाला गेल्या. गुडघा काटकोनापर्यंत वाकला.

पंधरवड्यानंतर अभियंत्याने पडद्यावर आलेखातला एक उंच निळा खांब दाखवला. त्या चौकात पादचारी ठरल्या वेळी, पाचाच्या शिस्तीत येऊ लागले आहेत, तेव्हा नियम पूर्ण यशस्वी आहे, असं तो म्हणाला. अध्यक्षबाईंनी टाळ्या वाजवल्या. ती पाच माणसं आपणच ओढून आणतो, असं काका घसा फोडून सांगत होते. "म्हणजे नागरिकांचा सहभागही आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि तेही लिहून घेतलं.

लोकांना तरी किती दिवस धरून ठेवणार? नर्सबाईंची पाळी बदलली. पेपरवाला गावी गेला. काकू पुन्हा काठी टेकून उभ्या, आणि यावेळी त्या उभ्या राहून राहून रडल्या. ते शिंप्याने दुकानातून पाहिलं. "काकू, उगाच कशाला माणसांच्या मिनतवाऱ्या करता?" तो म्हणाला. दुकानात कपडे घालून दाखवायच्या चार बाहुल्या होत्या. कमरेवर धड, मानेवर डोकं, खाली नुसता लाकडी दांडा. त्याने चौघींना पायघोळ झगे चढवले आणि खांबापाशी नेऊन उभं केलं. काकू त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. दिवा हिरवा झाला.

त्यानंतर अख्ख्या गल्लीची सोय झाली. कुणीही एकटा आला, की पाच पुरे होत आणि तो पलीकडे जाई. चौघी तिथेच राहत. संध्याकाळी शिंपी त्यांना आत घेई. काकूंचा गुडघा जवळजवळ पूर्ण वाकू लागला.

पुढच्या बैठकीत अभियंता गंभीर होता. त्या चौकात दर वेळी पाचांतला एकच माणूस रस्ता ओलांडतो, चारजणी मागेच राहतात, असं आकडे सांगत होते. त्याने चित्र लावलं. झग्यातल्या चौघी पाठमोऱ्या उभ्या होत्या. "सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत," अभियंता हळू आवाजात म्हणाला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. या बिचाऱ्या वयस्कर असणार, त्यांना गाड्यांची भीती वाटत असणार, आणि इतकं उभं राहून गुडघे किती दुखत असतील, असं त्या म्हणाल्या.

काका अर्धे उठले. इतिवृत्तात चार मिनिटं चुकलेली त्यांना खपली नव्हती, आणि इथे चार माणसंच खोटी होती. पण खरं बोललं की बाहुल्या उद्याच उचलल्या जाणार, आणि व्यायामाचे अजून अकरा दिवस बाकी होते. काका खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मूग गिळून बसले. दहा मिनिटांत ठराव झाला. एवढ्या वेगाने त्या समितीत काहीही झालेलं नव्हतं.

घरी काकू पाय वाकवून, मांडीवर भाजी घेऊन निवडत बसल्या होत्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं.

"बाक मंजूर झाला. खांबापाशी. वर छप्पर."

काकूंचा हात थांबला. "माझ्यासाठी?"

"नाही. त्या चौघींसाठी. गुडघे दुखत असतील म्हणून."

काकूंनी भाजीचं ताट बाजूला ठेवलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्यांना गुडघे आहेत कुठे?"