दोन मण्यांची बांगडी

बापटसरांच्या खिशात पेनाच्या जागी हिरवी बांगडी असायची. बाईची! तिला दोऱ्यानं बांधलेले दोन काळे मणी. सांगलीच्या विश्रामबागेत कॉलेजला रसायन शिकवायचे, एकटे ऱ्हायाचे, आन् सदा तापलेले. माझा चहाचा गाडा फाटकासमोरच, म्हंजे पयला चटका मला.

चहात साखर कमी पडली की वरडायचे, "शिदबा, मणी काढलास!" यष्टी चुकली, "मणी काढला!" पोरं नापास झाली तरी त्येच.

एकदा मी इचारलं, "सर, ह्यो मणी कसला वो?" झालं! माझं दूध उतू गेलं तरी थांबंनात. "ही बांगडी म्हणजे एरिथ्रोमायसिनचा रेणू. हे मणी म्हणजे त्याला लटकलेल्या दोन साखरा. त्या आहेत तोवर औषध जंतूला धरतं. काढल्या, की औषध मेलं!"

मी साताऱ्याकडचा, चौथीत दोनदा बसलेला. मला कळलं ते येवढंच, की ह्या औषधाला साखर लागती.

पुढं माझ्या बायकूला, पारूला, न्युमोनिया झाला. पेनिसिलिनचं इंजेक्शन सोसंना, अंगावर सूज आली. डाक्टरनं तीच सरांची गोळी दिली. पारूला गोळी गिळवंना. मग मी डोकं चालवलं. गोळी कुटली, आंबट ताकात घातली, वर दोन चमचं साखर! ताप काय हलंना. धाप लागाय लागली.

सर बघाय आले. मी तोऱ्यात वाटी दावली. असे खवळले! "गाढवा! गोळीवर कवच कशाला असतं? पोटातल्या आंबटानं बांगडी मुरगळते म्हणून! तू कवचच कुटलंस! बाईला मारतोस का?"

"आवं पर सर, साखर दुप्पट घातलीया!"

वाटी मोरीत गेली. मागनं मीबी जायचा, थोडक्यात वाचलो.

तवापासनं दर गोळीला सर हजर, हातात पाण्याचा पेला. "पारूबाई, अख्खी. चावायची नाही." आन् पारू गपगुमान गिळायची. ताप उतरला.

पारू उठून बसली तवा मी तिला म्हणलं, "काय गं, माझ्या हातनं उतरंना, आन् त्या चिडक्या मानसाच्या हातनं बरी उतरली?"

"तुमाला डोळं हायत का वो? मणी मंगळसूत्रातलं हायत त्ये. गोळी देताना सरच म्हणले, त्यांच्या बायकोलाबी पेनिसिलिन सोसलं न्हाई. तवा ही गोळी सांगलीत मिळत न्हवती."

दुसऱ्या दिवशी गाड्यावर सरांनी एक घोट घेतला आन् वरडले, "शिदबा, मणी काढलास!"

साखर बरोबर घातलेली हुती. तरी मी आनिक एक चमचा घातला.