चार टोकं, दोन नळ्या

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: मला हातातलं कुठलंही काम जमतं! शाळेत भूमिती शिकवतो मी. ज्याला त्रिकोण कळला त्याला इंजिन काय अवघड?

म्हणून सासऱ्यांनी होडी विकायला काढली तेव्हा मीच पुढे सरसावलो. मासेमारीची छोटीशी होडी, चाळीस वर्षं त्यांनीच चालवलेली. पण डिझेलच्या नळ्या जुन्या होऊन तडकल्या, इंजिन दोनदा भर समुद्रात बंद पडलं आणि सासऱ्यांनी हायच खाल्ली. "होडी म्हातारी, मीही म्हातारा," म्हणाले आणि घरी बसले. महिनाभर धड जेवण नाही की बोलणं नाही. बायकोचा जीव तुटत होता.

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "रविवारी नव्या नळ्या टाकतो. इंजिन सुरू झालं की बाबा विकायचं नाव काढणार नाहीत."

"मागे तू मिक्सर दुरुस्त केला होतास..."

"मिक्सरची गोष्ट वेगळी!"

नळ्या दोनच. एकीतून डिझेल टाकीकडून इंजिनाकडे जातं, दुसरीतून उरलेलं टाकीत परत येतं. दोन्ही फळ्यांखालच्या अंधाऱ्या पोकळीतून जातात. जुन्या ओढून काढल्या. नवी एक टाकीकडून आत सारली. मग रांगत इंजिनाकडे गेलो आणि दुसरी तिकडून सारली. उगाच हेलपाटे कशाला? तासभर ढकलाढकली केली, गुडघे सोलले, कपाळाला टेंगूळ आलं, पण अखेर टाकीकडे दोन टोकं, इंजिनाकडे दोन टोकं! चार टोकं, चार जोडण्या. क्लिपा आवळल्या, फिल्टरमध्ये हातानेच डिझेल ओतलं, किल्ली फिरवली आणि इंजिन धडधडलं की हो!

नेमके तेव्हाच सासरे धक्क्यावर आले. सोबत होडी बघायला आलेलं गिऱ्हाईक, डोळ्यांवर काळा गॉगल.

"इंजिन तर झकास वाजतंय!" गॉगलवाला खूश. "एक चक्कर मारू आणि व्यवहार पक्का!"

घ्या! होडी वाचवायला गेलो आणि तिची जाहिरात करून बसलो! मदतीला आलेल्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की पोहता येत नसूनही मला पाण्यात उडी मारावीशी वाटली.

आम्ही चौघं निघालो. बंदराच्या मधोमध पोचतो न पोचतो तोच इंजिनाने दोन आचके दिले आणि गप्प!

"काय झालं?" गॉगलवाल्याने विचारलं.

"जरा दम खातंय," मी म्हणालो.

"पाण्यात असंच बंद पडतं?"

"हल्ली बरेचदा," सासरे प्रामाणिकपणे म्हणाले.

गॉगलवाला पांढराफटक पडला. शेजारून जाणाऱ्या होडीला हाका मारून त्याने थांबवलं, तिच्यात चढला आणि मागे वळूनही न बघता गेला.

सासरे इंजिनाकडे वळले. फळी उचलली, कण्हत गुडघ्यांवर बसले आणि आत हात घालून चाचपत राहिले. थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. माझेही डोळे भरून आले.

अहो, हसत होते!

"जावईबापू, ही नळी टाकीतून निघून टाकीतच गेलीय! आणि ती इंजिनातून निघून इंजिनात! दोघी अर्ध्या वाटेवरून माघारी फिरल्यात! फिल्टरमध्ये ओतलेलं डिझेल संपेपर्यंतच इंजिन चाललं! अशी जोडणी जन्मात पाहिली नाही! आणा तो पाना इकडे!"

अर्ध्या तासात इंजिन सुरू झालं. सासऱ्यांनी सुकाणू धरलं आणि होडी थेट बंदराबाहेर वळवली.

"बाबा, धक्का तिकडे राहिला!" बायको ओरडली.

"माहितीय. जरा फिरून येऊ. आणि होडी विकायची नाही. घरात असा मेकॅनिक असताना मला म्हातारं होऊन चालणार नाही!"

बायको हसता हसता रडायला लागली. मला इतका आनंद झाला की टेंगूळही दुखेना.

गिऱ्हाईक पळवायला मी मुद्दामच तशी जोडणी केली होती, असं मी सगळ्यांना सांगतो. विश्वास कुणीच ठेवत नाही. आता दर रविवारी सासरे मला होडीवर नेतात. कामही दिलंय, नांगराची दोरी गुंडाळायचं. फक्त गुंडाळण्याआधी दोन्ही टोकं त्यांना दाखवावी लागतात!