केनवडची भिंत आणि माझा अभिप्राय

मी वाशिमला एका बांधकाम कार्यालयात आहे. (आवक-जावकच्या टेबलावर. पण हे सासुरवाडीला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.) त्यामुळे माझ्या मेहुण्याचा, पवनचा, साखरपुडा ठरला तसा केनवडहून सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, मधली भिंत पाडली तं बैठकीत शंभर मानूस बसते. पन स्लॅब तं खाली नाई ना येनार? एकडाव पाहून सांगा."

"पाहतात ना, बाबा. त्यायचं कामच थे हाय," बायकोनं, रीतानं, परस्पर कबूल करून टाकलं.

रविवारी पोचलो. गवंडी प्रेमसिंग घण घेऊन तयार. अख्खं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. पोकळ आवाज आला की भिंतीवर वजन नसतं, असं मी मोबाइलवर पाहिलं होतं. गंभीर चेहऱ्यानं भिंतीवर तीनदा टकटक केलं.

"दार इकडून हाय, जावईबापू!" पलीकडून सासूबाई ओरडल्या.

बोट सुजलं, आवाजाचं काही कळलं नाही. 'पाडा' म्हणावं आणि ऐन साखरपुड्यात स्लॅब व्याह्यांच्या डोक्यावर यावा, तर मी कुठे तोंड दाखवू? मग ऑफिसात अशा वेळी आम्ही जे करतो तेच केलं. नकार दिला. (नकारानं आजवर एकही इमारत पडलेली नाही.)

"सगळा भार याच भिंतीवर आहे. हात लावू नका."

सासूबाईंचा चेहरा उतरला. घरातलं शेवटचं कार्य घरातच व्हावं, एवढीच त्यांची हौस. मला फार वाईट वाटलं. पण जावयाच्या शब्दापुढे कोण बोलणार?

"राहू दे मंग," सासरे म्हणाले. "जावयानं सांगतलं तं झालं."

प्रेमसिंग घुटमळला. "साहेब, बोलू का? स्लॅब मीच टाकला. हे भिंत चार वर्सानं मंग बांधली. तिच्यावर काईच भार नाई."

"मंग बांधली कायले?" मी तावातावानं विचारलं.

सगळे एकदम छताकडे बघू लागले. रीतानं माझी बाही ओढली.

"तुमी पयल्या दिवाळीले आलते ना, तवा घरात कोनीच झोपलं नाई. लय घोरता म्हने तुमी."

(पुढच्या खेपेला मला वेगळी खोली मिळाली होती खरी. जावयाचा मान समजून मी अकरा वर्षं तिथे झोपतोय.)

"मंग पाडू का?" प्रेमसिंगनं घण उचलला.

सासूबाईंनी रीताला हळूच विचारलं, "आज मुक्काम हाय का यायचा?"

"हाय ना."

"मंग उद्या पाडजो, बाप्पा," त्या प्रेमसिंगला म्हणाल्या.