वरच्या मजल्यावरचा जादा भरणा

चष्म्याचा नंबर वाढलाय असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी तपासनीसांनी ठरवून टाकलं की जुन्याच चष्म्यावर भागवायचं. नव्या काचांचे पैसे घराच्या कर्जात भरले तर कर्ज नऊ दिवस आधी फिटतं, हा हिशेब त्यांनी दवाखान्याच्या पायरीवर बसून डॉक्टरांच्याच चिठ्ठीच्या पाठीमागे केला होता. (हिशेब बरोबर होता. तपासनीसांचे हिशेब नेहमी बरोबरच असत. घोटाळा व्हायचा तो हिशेबाच्या बाहेर.)

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दुसऱ्यांनी उतरवलेले मीटरचे आकडे तपासायचे आणि चुकलेल्या आकड्यावर लाल खूण करायची, हे काम ते बावीस वर्षं करत होते. त्यामुळे कचेरीत, इमारतीत, वाण्याकडे, सगळीकडे ते तपासनीसच. बायकोसुद्धा रागावली की याच नावाने हाक मारायची.

पण बायको आता रागवायलासुद्धा घरात नव्हती. घर घेतलं तेव्हा हप्त्याचा आकडा दोघांनीही दोनदा विचारून घेतला होता. नेमकी त्याच सुमारास तिला आठ तासांवरच्या एका गावात, कारखान्याच्या हिशेब खात्यात दीडपट पगाराची जागा मिळाली. मग ठरलं असं, की हप्ता तपासनीसांच्या पगारातून परस्पर कापला जाईल, आणि बायको पाठवील ते सगळं दर पाच तारखेला कर्जात जादा भरायचं. सहा वर्षांचं कर्ज दोन वर्षं दोन महिन्यांत संपेल. ते संपलं की तिने राजीनामा द्यायचा आणि घरी यायचं.

तपासनीसांनी कंबर कसली. खिडक्यांना पडद्यांऐवजी जुनी वर्तमानपत्रं आली. दिवा एकच ठेवला. ज्या खोलीत जायचं तिथे तो काढून लावायचा. (एकदा दिवा हातात घेऊन अंधारात होल्डर शोधताना ते स्वतःच्याच घरात हरवले होते, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.) बँकेचे मेसेज महिन्याला थोडे पैसे घेत, ते बंद केले. बँक वर्षाला एक पत्र पाठवी, ते न फोडताच फाइलला लावलं जाई. बँकेच्या हिशेबापेक्षा आपली वही पक्की, असं त्यांचं म्हणणं होतं.

घरात खुर्च्या दोन होत्या. एकीवर ते बसत. दुसरीवर कुणीच बसत नसे, म्हणून त्यांनी तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली. आठवड्याने ते उचलले. कपडे ठेवल्यावर ती खुर्ची बायकोची वाटेना, आणि रिकामी असली की निदान कुणीतरी यायचं आहे असं वाटे.

संध्याकाळी साडेसातला ते गॅसवर अंडं ठेवायचे आणि बायकोला फोन लावायचे. अंडं झालं की फोन बंद. बिल आटोक्यात राहण्यासाठी काढलेली ही त्यांची युक्ती. तिकडे बायको भाड्याच्या खोलीबाहेर जिन्यात बसून बोलायची, कारण खोलीतल्या दुसऱ्या बाईला फोनचा आवाज चालत नसे.

“जेवलात?”

“आता जेवीन. तू?”

“झालं. घर कसं आहे?”

“आहे. नळ गळत होता, तो बांधला दोरीने.”

बोलण्यासारखं पुष्कळ असायचं, पण आठ मिनिटांत कुठून सुरुवात करायची ते कळायचं नाही.

“अंडं झालं,” तपासनीस म्हणायचे.

“बरं,” बायको म्हणायची.

असे सव्वीस महिने सव्वीस पाच तारखांना त्यांनी बँकेत जाऊन स्लिपा भरल्या. सत्ताविसाव्या महिन्यात वहीतला आकडा शून्यावर आला, तेव्हा त्यांनी रजा टाकली, दाढी दोनदा केली आणि काउंटरवरच्या बाईंसाठी बिस्किटांचा पुडा घेऊन ते बँकेत गेले. दोन वर्षांतली ही त्यांची पहिली उधळपट्टी.

“कर्ज बंद करायचंय,” ते छाती फुगवून म्हणाले.

बाईंनी बिस्किटं ठेवून घेतली आणि संगणकात पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. “अजून तीन वर्षं दहा महिने आहेत की. तुम्ही एकदाही जादा भरलेलं दिसत नाही.”

तपासनीसांनी सव्वीस स्लिपा टाचणीसकट त्यांच्यापुढे ठेवल्या. बाईंनी पहिली पाहिली, मधली पाहिली, शेवटची पाहिली.

“शेवटी आठ लिहिलाय तुम्ही. तुमच्या खात्याच्या शेवटी तीन आहे.”

“तीनच लिहिलाय.”

“हा आठ आहे, काका.”

तपासनीसांनी चष्मा पुसला, लांब धरला, जवळ आणला. बावीस वर्षं लोकांच्या तिनांवर आणि आठांवर लाल खुणा केलेला माणूस स्वतःच्या तिनापुढे हतबल होऊन उभा होता. पहिल्या दिवशी एकदा आठ वाचला गेला, आणि पुढची प्रत्येक स्लिप त्यांनी आधीच्या स्लिपेवरून उतरवली होती. अगदी काळजीपूर्वक.

ते आठाचं खातं निघालं त्यांच्याच इमारतीतलं. कर्जाच्या कागदांवर सगळ्यांनी एकाच दिवशी सह्या केल्या होत्या, आणि रांगेत तपासनीसांच्या मागे पाचवं माणूस होतं ते म्हणजे वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई. त्या निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. कर्ज त्यांच्या आणि मुलाच्या नावावर होतं, पण मुलगा समुद्रापलीकडे नोकरीला गेला होता आणि हप्ता त्यांच्या पेन्शनमधून जात होता.

“घाबरू नका,” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. “या फॉर्मवर त्यांची सही आणा. महिन्याभरात सगळे पैसे तुमच्या कर्जात वळवून देते.”

म्हणजे एका सहीचं काम होतं. तपासनीस फॉर्म खिशात घालून तडक जिना चढले. बायकोने त्याच आठवड्यात राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलं होतं. फक्त त्यांच्या फोनची वाट पाहत होती. सही मिळाली तर महिन्याभरात ती घरी. नाही मिळाली तर आणखी जवळजवळ चार वर्षं अंडी उकडत बसायचं.

नर्सबाईंनी दार उघडलं आणि आधी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. “नंबर वाढलाय तुमचा. जिना चढताना पायरी चाचपता, मी बघते ना वरून. बसा, चहा टाकते.”

“मावशी, जरा कर्जाचं बोलायचं होतं.”

“बोला की. माझं तर आता संपतच आलंय.” नर्सबाईंचा चेहरा उजळला. “लोक मला म्हणतात, तुमचा मुलगा विसरला तुम्हाला. फोन नाही करत, खरं आहे. वर्षातून दोनदा करतो, तोही घाईत. पण दर महिन्याच्या पाच तारखेला गुपचूप कर्जात पैसे भरतो. सव्वीस महिने झाले, एक पाच तारीख चुकवली नाही त्याने.”

तपासनीसांचा हात खिशातच राहिला. “त्यानं सांगितलं तसं?”

“तो कसला सांगतोय. लाजरा आहे लहानपणापासून. मीही फोनवर विषय काढत नाही, उगाच अवघडेल. मेसेजलाच उत्तर पाठवते.”

त्यांनी फोन पुढे केला. तपासनीसांनी तो हातभर लांब धरून वाचला. ‘आपल्या कर्ज खात्यात रक्कम जमा झाली आहे,’ असं बँकेचं यंत्र दर पाच तारखेला कळवत होतं, आणि प्रत्येकाच्या खाली नर्सबाईंचं उत्तर होतं. ‘मिळाले रे. वेळेवर जेवत जा.’ ‘मिळाले. इथे थंडी आहे. तुझं जुनं स्वेटर मीच घालते.’ ‘मिळाले. एवढे नको पाठवू, स्वतःलाही ठेव.’ सव्वीस उत्तरं. बँकेच्या यंत्राला कुणी एवढ्या मायेने लिहिलं नसेल.

“तुम्ही काय म्हणत होता कर्जाचं?” नर्सबाईंनी चहा पुढे ठेवत विचारलं.

“हेच,” तपासनीस म्हणाले, “की मुलगा गुणी आहे तुमचा.”

चहा पिऊन ते खाली आले आणि दुसऱ्या खुर्चीकडे बघत बसून राहिले. त्यांना रडू येत होतं, आणि ते नेमकं कुणासाठी येत होतं हे त्यांना ठरवता येईना. साडेसातला त्यांनी सवयीने अंडं ठेवलं आणि फोन लावला.

“झालं का बंद कर्ज?” बायकोने जिन्यातून विचारलं. तिचा आवाज इतका हलका त्यांनी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

तपासनीसांनी सगळं सांगितलं. चष्मा, तीन, आठ, फॉर्म, चहा, मेसेज.

“सही घेतलीत?”

“नाही.”

“माझे दोन वर्षांचे पैसे आहेत ते, तपासनीस.”

“हो. तू म्हणशील तर आत्ता जातो.”

मग ती म्हणाली, “स्वेटर मीच घालते, असं लिहिलंय?”

“हो.”

“मी तुमचं घालते इथे. ते राखाडी.”

“मी म्हटलं ते हरवलं.”

“मी आणलं होतं येताना, न सांगता.”

मग तिने ऑफिसातली एक गंमत सांगितली, दोन वर्षं जुनी. त्यांनी दिवा हातात घेऊन घरात हरवल्याचं सांगितलं. ती हसली, मग रडली, मग परत हसली. दोघांना बोलायला एवढं आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. मध्येच स्वयंपाकघरात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. पाणी आटून अंडं फुटलं होतं आणि पिवळा बलक छताला लागला होता.

“अंडं झालं,” तपासनीस म्हणाले.

“होऊ दे. फोन ठेवायचा नाही,” बायको म्हणाली. “मी येतेय. बाकीचं कर्ज हप्त्याहप्त्याने फेडू, सगळं जग फेडतं तसं.”

“आणि ते पैसे?”

“कशासाठी भरत होतो आपण? मी लवकर घरी यावं म्हणून. मग येतेय ना.”

पुढच्या पाच तारखेच्या आत बायको घरी आली, दुसऱ्या खुर्चीवर बसली, आणि बसल्या बसल्या तिने वर्तमानपत्रांचे पडदे काढायला लावले. तपासनीसांना नवा चष्मा मिळाला. त्यातून त्यांना छताचा पिवळा डाग फार स्पष्ट दिसू लागला.

चार तारखेला एकच प्रश्न उरला. उद्या वर मेसेज गेला नाही तर?

“पाचशे भरू,” तपासनीस म्हणाले.

“एकाचा पगार आहे आता. शंभर,” बायको म्हणाली. “मेसेज शंभराचाही येतो.”

तर पाच तारखेला, आयुष्यात प्रथमच मुद्दाम, तपासनीसांनी स्लिपेवर आठ लिहिला. संध्याकाळी दारावर थाप पडली. नर्सबाई फोन हातात घेऊन उभ्या होत्या, चेहरा गंभीर.

“तपासनीस, तुम्ही हिशेबातले म्हणून विचारते. सव्वीस महिने सगळं व्यवस्थित, आणि आज नुसते शंभर.” त्या आवाज उतरवून म्हणाल्या, “लग्न केलंय त्यानं, मला न सांगता. चिकट बाई मिळालेली दिसते.”

तपासनीसांनी जमिनीकडे पाहिलं. मागे बायको उभी होती.

“तिला तरी काय बोलायचं,” नर्सबाईंनी उसासा टाकला. “हाच बावळट आहे आमचा. ती म्हणेल ती पूर्व दिशा.”

“अगदी बरोबर ओळखलंत, मावशी,” बायको पुढे येत म्हणाली. “फार बावळट आहे तो. या, बसा.” आणि तिने तपासनीसांना खुर्चीवरून उठवलं.