दुसऱ्या कडव्याबाबत खुलासा

माझ्या भाच्याची गायक आणि गीतकार म्हणून जी काही कारकीर्द झाली, ती पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार निवारण कक्षामुळे झाली. त्याच्या कार्यक्रमांच्या माहितीपत्रकातून हल्ली हे वाक्य गाळलं जातं. तिथे 'लहानपणापासून संगीताची आवड' असं काहीतरी मोघम छापलेलं असतं. आवड सगळ्यांनाच असते हो. नुसत्या आवडीने कोणी मोठा झालाय का? मोठं व्हायला मामा लागतो, आणि तो मामा योग्य खात्यात लागतो. सबब हा खुलासा. त्याच्या त्या प्रसिद्ध गाण्याचं दुसरं कडवं आमच्या गावाने कधीच ऐकलेलं नाही. तेही मी या खुलाशाच्या शेवटी देणार आहे. तोवर वाचकांनी थांबावं, ही विनंती.

प्रथम बालपण. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, रुग्णालयात आया होती. भावोजी बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा उगवायचे आणि पोराची उंची भिंतीवर पेन्सिलीने मारून परत जायचे. ताईची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. निघताना ती पोराला खिडकीपाशी बसवायची आणि म्हणायची, "थांब जरा, येतेच मी." पोरगं थांबायचं. हातात साबणाची रिकामी डबी, ती खिडकीच्या कठड्यावर वाजवत बसायचं. संध्याकाळी जिन्यावर ताईच्या चपलांचा आवाज आला की डबी टाकून दाराकडे धावायचं. त्याला संगीताचं जे काही शिक्षण मिळालं ते एवढंच. थोडक्यात, मुलाची सगळी कला वाट बघण्यातून आली. पुढे आमच्या खात्याशी त्याचे सूर इतके का जुळले, ते यावरून ध्यानात येईल.

मोठा झाल्यावर त्याने कुणाची तरी वापरलेली गिटार मिळवली आणि गाणी रचायला लागला. त्यातलं एक मात्र खरंच जमून आलं होतं. ते आईच्या तोंडचं गाणं. पहिलं कडवं सगळ्यांना पाठच आहे:

*थांब जरा, थांब जरा, येतेच मी, येतेच मी,*
*खिडकीपाशी बैस बाळा, येतेच मी, येतेच मी.*

दुसऱ्या कडव्यात आई येते. जिना चढते, दार उघडतं, वगैरे. ताईने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मेल्या, जेवायला बस."

त्याच सुमारास आमच्या कक्षावर बाका प्रसंग आला होता. कक्षात टेलिफोन चार, खुर्च्या चार, माणूस एक. तो मी. उरलेल्या तीन खुर्च्यांची भरती विचाराधीन होती, त्यामुळे त्यांच्यावर कोणी बसत नसे. फोन करणाऱ्याला बराच वेळ नुसतं टूं-टूं ऐकू यायचं आणि लोक भडकायचे. साहेबांनी मला आत बोलावलं.

"नागरिकांना थांबावं लागतं ही आपली अडचण नाही," साहेब म्हणाले. "त्यांना थांबल्यासारखं वाटतं, ही अडचण आहे. काहीतरी सुरेल हवं."

"साहेब, माझा भाचा गातो."

"पैसे किती घेईल?"

"घरचाच आहे, साहेब. प्रसिद्धीवर भागवू."

नादुरुस्त मीटर ठेवायच्या खोलीत ध्वनिमुद्रण झालं. पोराने दोन्ही कडवी अशी काही म्हटली की माझ्यासारख्या माणसाला रुमाल काढावा लागला. खोलीत धूळ फार होती. भाचा घाम पुसत म्हणाला, "मामा, आता अख्खं गाव ऐकेल ना रे?" मी म्हटलं, "अरे, ऐकेल म्हणजे? दुसरा इलाजच नाही त्यांना."

साहेबांनी गाणं डोळे मिटून ऐकलं आणि दुसरं कडवं कापायला सांगितलं. कारण चोख होतं. खात्याच्या नियमाप्रमाणे नागरिकाला एका कडव्याच्या आत उत्तर मिळायला हवं. दुसरं कडवं वाजलं, की दिरंगाई झाल्याचा खात्याचाच पुरावा! तेव्हा पहिलं कडवं संपलं की पुन्हा पहिलंच. म्हणजे नागरिक जेवणाआधी थांबला काय आणि जेवून पुन्हा थांबला काय, कागदोपत्री तो पहिल्याच कडव्यात असतो. असं डोकं असलेला माणूस पाणीपुरवठ्यात फुकट गेला, असं मला आजही वाटतं.

गाण्याने कमाल केली. लोक भांडायला फोन करायचे आणि गुणगुणत ठेवून द्यायचे. तक्रारी इतक्या घटल्या की आम्हाला उत्कृष्ट कक्षाची ढाल मिळाली. मग वीज खात्याने गाणं मागून नेलं, मग कर खात्याने, मग ताईच्याच रुग्णालयाने. गावात असा एकही फोन उरला नाही की ज्यावर माझा भाचा गात नव्हता. एवढी लोकप्रियता भल्याभल्यांना मिळत नाही.

आता लोकांचा स्वभाव विचित्र, त्याला आपण काय करणार? भाचा दुकानात गेला आणि सहज गुणगुणला, की दुकानदाराची मूठ आवळायची. न्हाव्याकडे याने तोंड उघडलं आणि वस्तरा हातात असलेल्या न्हाव्याने विचारलं, "तो 'येतेच मी'वाला तूच का रे?" तेव्हापासून पोराने केस वाढवले. माहितीपत्रकात त्याला 'कलंदर व्यक्तिमत्त्व' म्हणतात.

ताईची तऱ्हा निराळी. एक दिवस ती तणतणत माझ्याकडे आली. "भाजीवाली मला काय विचारते माहितेय? म्हणते, 'पोराला खिडकीत बसवून तुम्ही शेवटी गेलात कुठे हो?' अरे, मी येत होते रे! रोज येत होते! पाय सुजलेले असायचे तरी जिना धावत चढायचे मी. आणि सगळं गाव समजतंय की मी आलेच नाही!"

मी तिला शांत केलं आणि भाच्याला दुसरं कडवं वाजवण्याचा रीतसर अर्ज घेऊन साहेबांपुढे उभं केलं.

"दुसऱ्या कडव्यात ती येते?" साहेबांनी विचारलं.

"हो, साहेब."

"नक्की येते?"

"आई आहे, साहेब. येणारच."

साहेबांनी चष्मा काढला. "मग कठीण आहे. खात्याच्या फोनवर 'आले' म्हटलं की ते आश्वासन झालं. उद्या कोणी कोर्टात गेला तर? असं करा, 'येण्याबाबत विचार चालू आहे' असं बसवा चालीत. किंवा 'शक्य झाल्यास येते'."

"नाही बसत, साहेब."

"चालीत?"

"आईच्या तोंडात."

अर्ज फेटाळला. पोरगं मात्र हट्टी, आईवर गेलंय. त्याने ठरवलं, आपणच गावापुढे उभं राहायचं आणि गाणं पूर्ण म्हणायचं. शाळेचं सभागृह मिळवलं, स्वतः फिरून भिंतींवर कागद चिकटवले. सभागृह तुडुंब भरलं. ताई ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत, शेजारी मी. बाकीची गाणी लोकांनी सभ्यपणे सोसली. मग मागून कोणीतरी ओरडलं, "ते म्हण ना!"

भाच्याने सुरुवात केली. पहिल्या ओळीलाच सभागृहात हालचाल सुरू झाली. कोणी सवयीने पेन काढलं, कोणी शेजाऱ्याशी गप्पा मारायला लागलं, एक गृहस्थ तर तेवढ्यात बाहेर जाऊन दोन कामं उरकून आले. कडवं संपलं. पोराने दुसऱ्यासाठी श्वास घेतला. ताईने माझा हात घट्ट धरला. आणि अख्ख्या सभागृहाने एका सुरात पहिलं कडवं पुन्हा सुरू केलं! पोराने पुन्हा श्वास घेतला, पुन्हा तेच. तो घसा फोडून दुसरं कडवं गातोय आणि शेकडो गळे त्यावर 'थांब जरा, थांब जरा' ओतताहेत. शेवटी आमच्या नेहमीच्या तक्रारदार, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, उभ्या राहून ओरडल्या, "हॅलो! हॅलो! लागला का हो?"

त्याने गिटार पेटीत घातली. बाहेर पायरीवर बसून मला म्हणाला, "मामा, तुझ्याकडे त्या तीन खुर्च्या रिकाम्या आहेत ना? एक मिळेल मला? गाणं पुरे झालं."

मला तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. पोराला अक्कल आली! "अरे, साहेबांच्या कानावर घालतो, उद्याच चिकटवतो तुला," मी म्हटलं.

"खबरदार!" ताई कडाडली. "याने गाणं सोडलं तर याद राख!"

"ताई, अगं सरकारी खुर्ची..."

"जाळ ती खुर्ची!"

दुसऱ्या दिवशी मी कक्षात पोचलो तर ताई आधीच तिथे. विचाराधीन खुर्चीवर बसलेली, टेबलावर डबा, आणि हातात टेलिफोन.

"ताई, अगं असा एकदम उचलायचा नसतो!" माझी पाचावर धारण बसली. "गाणं तरी पूर्ण होऊ दे!"

"पूर्ण? कधी झालंय ते पूर्ण?" आणि फोनमध्ये ती म्हणाली, "आले बघा मी. बोला, काय अडलंय?"

पलीकडच्याने घाबरून फोन ठेवला. दुसऱ्याने विचारलं, "कोण बोलतंय?" ताईने 'तक्रार निवारण' म्हणताच तो चिडला, "सकाळी सकाळी थट्टा करता का?" तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तर किंचाळल्याच, "अहो, भाजी चिरत होते निवांत! मधेच बोललात, बोट कापलं ना माझं!" एका आजोबांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं, "बाई, मला आत्ता घाई नाही. तुम्ही मला थांबूच द्या." दुपारपर्यंत साहेबांकडे तक्रारींचा ढीग लागला. सगळ्यांचं म्हणणं एकच, की कक्षातून कोणीतरी अचानक बोलतं.

साहेब तरातरा आत आले, तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. ताईने उचलला.

"बोला."

पलीकडे कोणी बोलेना. पण ठेवलाही नाही.

"अहो, बोला की."

"आई?"

भाचाच होता. अंगाला साबण लावलेला आणि नळ गेलेला. केस पुसत फोन लावून, स्वतःचंच गाणं ऐकत बिचारा थांबला होता.

"हो रे," ताई म्हणाली. "आले."

आणि मग तिने, खात्याच्या टेलिफोनवर, कार्यालयीन वेळेत, साहेबांच्या देखत दुसरं कडवं म्हटलं. पार बेसूर. ताईला सूर कशाशी खातात ते माहीत नाही. पण म्हटलं अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, आणि त्याने ऐकलं अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, अंगावरचा साबण वाळून जाईतो. शेवटी ती म्हणाली, "पाणी नाही ना? पाठवते माणूस," आणि खरंच पाठवला. मला भरून आलं हे मी नाकारत नाही. तशी नोंद मात्र कुठे सापडणार नाही.

साहेबांनी त्याच दिवशी 'अनधिकृत प्रतिसादा'ची चौकशी लावली आणि जनतेच्या आग्रहास्तव सर्व टेलिफोन पूर्ववत केले. खुर्च्या पुन्हा विचाराधीन झाल्या. मला समज मिळाली, ती मी स्वीकारली.

भाच्याने पुन्हा गिटार काढली आणि आईला घेऊन गाव सोडलं. सध्या ते जिथे राहतात तिथे म्हणे पहिल्या घंटीला फोन उचलतात, त्यामुळे याला तिथे कोणी ओळखत नव्हतं. अनोळखी म्हणून लोक गुपचूप बसून ऐकायला लागले, आणि ऐकता ऐकता नाव झालं. ताई फोनवर सांगते, "अरे, दुसऱ्या कडव्याला लोक रडतात इथे!" मला काही पटत नाही. इथे रोज अख्खं गाव त्याला ऐकत होतं, अजूनही ऐकतं. एवढा श्रोता सोडून जायचं म्हणजे वेडेपणाच की नाही?

असो. आता कबूल केल्याप्रमाणे दुसरं कडवं. ते इथे छापण्यासाठी मी साहेबांकडे परवानगी मागितली आहे आणि ती विचाराधीन आहे. दरम्यान एक निरीक्षण नोंदवतो. हा खुलासा हातात घेतलात तेव्हा तुमचंही कुठल्या ना कुठल्या खात्यात काहीतरी अडलेलं होतंच. नळ असेल, वीज असेल, एखादी सही असेल. इथवर पोचेपर्यंत तुम्हाला ते एकदाही आठवलं नाही. मधूनमधून तर तुम्ही हसत होतात. आमच्या कक्षात याला तक्रारीचं निवारण म्हणतात, आणि ते झाल्याची नोंद मी आपल्या नावापुढे केली आहे.

तरीही दुसरं कडवं हवंच असेल, तर कृपया पहिल्या परिच्छेदापासून पुन्हा सुरुवात करावी. मधे कोणी बोलणार नाही.